वसंतची बातमी घेऊन सिफनॉसला

वसंत गेल्याचं एवदोकियाला मी तीन वर्षं सांगितलं नव्हतं. प्रवासवर्णनाची सुरुवात विमानतळावरच्या गडबडीनं करायची पद्धत आहे. पण माझा हा प्रवास सुरू झाला तो या न सांगितलेल्या गोष्टीपासून, त्यामुळे आधी तीच सांगून टाकते.

वसंत म्हणजे माझा नवरा. त्याची चौतीस वर्षं कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात गेली आणि माझी तीस तिथल्याच हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. एवदोकिया म्हणजे ग्रीसमधल्या सिफनॉस नावाच्या लहानशा बेटावर खोल्या भाड्यानं देणारी बाई. तरुणपणी बारा वर्षं तिनं टोरोंटोच्या हॉटेलांत भांडी घासली होती. त्यामुळे तिचं इंग्रजी थेट आमच्याकडचं, आणि पहिल्याच भेटीत आम्ही "हॅमिल्टन" म्हटल्याबरोबर तिनं माहेरची माणसं आल्यासारखं आम्हाला घरात ओढलं. पुढे आम्ही सात उन्हाळे तिच्याकडे राहिलो. 'वसंत' काही तिच्या जिभेवर बसेना, तेव्हा तिनं त्याचं पुन्हा बारसं करून 'वासिली' ठेवलं.

ग्रीक लोकांत वाढदिवसाचं फारसं कौतुक नाही. ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस मोठा, आणि संत वासिलीचा दिवस येतो एक जानेवारीला. त्यामुळे दर एक जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास एवदोकियाचा फोन यायचा आणि वसंत स्वयंपाकघरात उभ्यानं मोडक्या ग्रीकमध्ये तिच्या शुभेच्छा घ्यायचा.

वसंत मार्चमध्ये गेला. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. पुढच्या एक जानेवारीला फोन वाजला. "माझा वासिली कुठाय?" एवदोकियानं विचारलं. खिडकीबाहेर शेजारी आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेर आहे. शोव्हल करतोय." मग असल्या हृदयाच्या माणसाला फावडं हातात देते म्हणून ती मला अर्धा तास रागावली आणि मी ते सगळं निमूट ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षीही बर्फ होता, थाप तयारच होती. तिसऱ्या वर्षी कोरडाच जानेवारी निघाला, तेव्हा मी त्याला वॉशरूममध्ये पाठवलं.

तीस वर्षं मी पॅथॉलॉजीत काढली. माणूस कशानं गेला हे कागदावर लिहून खाली सही करताना माझा हात कधी थरथरला नाही. पण इथे हॅमिल्टनमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. लोक भेटून, डबे देऊन, मान हलवून गेले होते. जगात एकच घर असं उरलं होतं जिथे वसंत अजून फावडं घेऊन बाहेर उभा होता. ते मोडायला माझं मन होईना. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

रेवा माझी नात, माझ्या लेकीची, अनघाची मुलगी. नॉर्थ यॉर्कच्या एका उंच इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहते. तिला आजोबांनी सांगून ठेवलं होतं की तू दहा वर्षांची झालीस की गाढवांच्या बेटावर नेईन. एप्रिलमध्ये दहा वर्षं पूर्ण झाली आणि केक कापायच्या आधीच तिनं आठवण करून दिली. तिकिटं काढताना अनघानं विचारलं, "आई, एवदोकियाला कळवलंयस ना?"

"अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत," मी म्हटलं. "समोर बसून सांगते."

कामारेस

ऑगस्टचा शेवट होता. बोट कामारेस बंदरात शिरली तेव्हा रेवा कठड्याला टेकून म्हणाली, "इट्स जस्ट रॉक्स." तिचं चुकत नव्हतं. उन्हाळ्यात सिफनॉस बोडकं असतं. कोकण बघून आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं का? मग बस वळणं घेत वर चढते, बांध घातलेली शेतं दिसतात, मध्येच पारव्यांसाठी बांधलेले नक्षीदार मनोरे दिसतात, आणि कुठेही बघावं तर पांढरं चिमुकलं देऊळ. वर्षाच्या दिवसांइतकी देवळं आहेत म्हणतात. वसंत एका उन्हाळ्यात ती मोजायला लागला आणि बेचाळिसाव्यावर त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

बसच्या चालकानं मला आरशातून ओळखलं. हात वर केला, मग माझ्या शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे रेवा बसली होती. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

आर्तेमोनास

एवदोकियाचं घर आर्तेमोनास गावात, जिथे गाडी जात नाही अशा बोळात. फरसबंदीच्या प्रत्येक दगडाभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढलेली, आपल्याकडे अंगणात रांगोळी घालतात तितक्या निगुतीनं. एवदोकिया फाटकातच उभी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, कंबर वाकलेली, पण हात तेच. तिनं मला कवटाळलं, रेवाचे गाल ओढले, आणि आमच्या दोघींच्या खांद्यावरून बोळात बघत राहिली.

"आणि तो?"

तेवीस दिवस मी याचंच उत्तर पाठ केलं होतं. इंग्रजीत, सोपं, तीन शब्दांचं. तोंडातून भलतंच बाहेर आलं. "तो नाही आला," मी म्हटलं. "घरी आहे."

"हार्ट?"

"हो. हार्ट."

"नो शोव्हल," ती बोट नाचवत म्हणाली. "या वर्षी पण मी फोनवर सांगणार." मग तिनं आमची बॅग उचलली. ती तिच्या हातून काढून घेण्याची हिंमत कुणात नसते.

खोली तीच. दोन खाटा जोडलेल्या, दोन उशा, खिडकीशी वसंतची वेताची खुर्ची, आणि कोनाड्यात आमचाच एक स्टीलचा डबा. झाकणावर टोचून घातलेलं नाव: व. ग. साठे. शेवटच्या खेपेला त्यातून वसंतनं गोडा मसाला आणला होता आणि एवदोकियाच्या छोल्यांवर भुरभुरवला होता. तिनं लाटणं घेऊन त्याला अंगणभर पळवलं, आणि नंतर तिनंच उरलेला मसाला ठेवून घेतला.

दार लागल्यावर रेवा खाटेवर मांडी घालून बसली. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. कितीही टोकलं तरी तिच्या तोंडून मराठी वाक्य सहसा निघत नाही.

"आजी, आजोबा घरी नाहीत. यू लाइड."

"माहीत आहे."

"का?"

"उद्या सांगते तिला."

"मला नाही विचारलं तू तिला कधी सांगणार. मी विचारलं का." हे ती अर्थातच इंग्रजीत म्हणाली, आणि तिची आई सोळा वर्षांची असताना ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात.

मी तिला भूक लागली का, एवढंच विचारलं.

फारोस

उद्याचा परवा झाला. सकाळी एवदोकिया अंजिरं घेऊन यायची आणि त्यातली दोन वेगळी काढून ठेवायची. "वासिलीसाठी मुरंबा करते, डब्यातून ने." मी बरं म्हणायचे. एक खोटं लपवायला सात लागतात म्हणतात. माझ्या खोट्यात आता अंजिरंही शिजायला लागली होती.

बाकी दिवस सुंदर गेले, हेही खरं. रेवाला गाढव भेटलं. ते तिच्या टोपीची कड खाऊन गेलं, आणि ती टोपी तिनं विजयचिन्हासारखी पुढे आठवडाभर घातली. मध आणि ताज्या चीजचा एक केक इथे मिळतो. तिला तो इतका आवडला की तिनं आईला फोन करून त्याची पाककृती सांगितली, तीही सगळी मनानं रचलेली. जेवण झालं की खाणावळवाला न मागता कलिंगडाच्या फोडी आणून ठेवतो. मी सवयीनं "नको, नको, पुष्कळ झालं" म्हटलं. कॅनडात असं म्हटलं की माणूस ताटली उचलून निघून जातो, आणि पन्नास वर्षं झाली तरी मला दर वेळी वाईट वाटतं. इथल्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. उलट आणखी दोन फोडी ठेवल्या. आमच्या आईच्या हाताखाली शिकलेला असावा.

तिसऱ्या दिवशी फारोसच्या किनाऱ्यावर रेवाचा पाय खडकावरच्या सागरी साळिंदरावर पडला. काळे, काटेरी, चेंडूएवढे जीव असतात ते. टाचेत सात काटे रुतले. रडत, लंगडत, बसनं घरी आलो. डॉक्टर म्हणून मी चिमटा शोधायला लागले, पण माझा सगळा अनुभव अशा लोकांवरचा की ज्यांना दुखत नव्हतं. एवदोकियानं मला एका बाजूला सारलं, टाच आपल्या मांडीवर घेतली, तिच्यावर ऑलिव्हचं तेल चोळलं आणि चष्मा नाकाच्या टोकावर ओढून सुई घेऊन बसली. एका डोळ्यानं बघत होती, पण बोटांना सगळं दिसत होतं.

"बोल माझ्याशी," ती रेवाला म्हणाली. "बोललं की दुखत नाही. तुझे आजोबा दिवसभर काय करतात?"

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी तेलाची वाटी धरून उभी राहिले.

"ही वॉटर्स द टोमॅटोज," रेवा म्हणाली. डोळ्यांत पाणी, आवाज एकदम सरळ. "त्यांना झाडं एकटी सोडवत नाहीत. म्हणून ते आले नाहीत. संध्याकाळी ते टोमॅटोंना गाणं म्हणून दाखवतात."

"वासिली गातो?" एवदोकिया हसली. "देवा, बिचारे टोमॅटो."

सातवा काटा निघाला. एवदोकियानं टाचेवर एक चापटी मारली आणि लिंबू सरबत आणायला आत गेली. रेवा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाऊ आय'म अ लायर टू." थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्यासाठी केलं. पुन्हा नाही करणार."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. वसंत दहा वर्षांच्या मुलीला बेट दाखवणार होता. मी तिला थाप मारायला शिकवलं होतं, आणि ती माझ्यापेक्षा चांगली मारत होती.

शनिवार

सिफनॉसमध्ये रविवारचं जेवण शनिवारीच सुरू होतं. भिजवलेले छोले, कांदा, तमालपत्र आणि भरपूर ऑलिव्हचं तेल एका मातीच्या मडक्यात घालतात. पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं; नळाच्या पाण्यात छोले नीट शिजत नाहीत यावर सगळ्या गावाचं एकमत आहे. संध्याकाळी ते मडकं गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं. पाव भाजून झाले की त्याच लाकडाच्या भट्टीत सगळ्या गावाची मडकी रात्रभर बसतात. रविवारी चर्च सुटलं की प्रत्येकानं आपापलं घरी न्यायचं. वसंत शाकाहारी, त्यामुळे आठवड्यातला हा एक दिवस त्याला ग्रीस परिपूर्ण वाटायचं.

मडकं रेवानं नेलं, लंगडत पण कुणाला हात लावू न देता. बेकरीत चाळीसेक मडकी, सगळी एकाच कुंभाराच्या हातची, ओळखायची कशी? बेकरीवाल्यानं एवदोकियाच्या मडक्यावर खडूनं खूण केली. मी रेवाला सांगितलं की आपल्याकडे म्हणूनच भांड्यांवर नावं घालतात; लग्नाकार्यात भांडी एकमेकांत मिसळली तरी शेवटी ज्याचं त्याच्या घरी जातं. ती म्हणाली, "मग आजोबांचा डबा अजून इथे का आहे?" या मुलीशी बोलताना सावध राहावं लागतं.

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. अंगणातल्या टेबलावर एवदोकियानं उद्या चर्चमध्ये न्यायचा पाव फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी द्यायची असते. मधोमध उभी रेघ, वर क्रॉस. डावीकडे घरातल्या जिवंत माणसांची नावं, त्यांना आयुरारोग्य मिळावं म्हणून. उजवीकडे गेलेल्यांची, त्यांना शांती मिळावी म्हणून. पाद्री ती सगळी वाचतो. हे मी सात उन्हाळे पाहिलं होतं आणि पूर्वजांची यादी आपल्याकडेही असते म्हणून फारसं लक्ष दिलं नव्हतं.

"डोळा चालत नाही," एवदोकिया म्हणाली. "मुली, तू लिही. इंग्रजीत लिही. पाद्र्याचा भाऊ मेलबर्नला असतो, त्याला सगळं वाचता येतं."

रेवा खूश झाली. तिनं रेघ पट्टीनं आखली. एवदोकिया सांगत गेली. उजवीकडे स्तेलिओ, म्हणजे तिचा नवरा. आई. वडील. टोरोंटोत वारलेली बहीण. रेवा एकेक नाव उच्चारून विचारत होती आणि सुबक अक्षरात लिहीत होती. मग डावीकडे. मुलगी मारिया. दोन नातवंडं.

"आणि वासिली," एवदोकिया म्हणाली.

रेवाचं पेन थांबलं.

"लिही, लिही. माझा कॅनडाचा वासिली. तुझी आजी त्याला बर्फ काढायला लावते, मला कळल्यापासून दर रविवारी लिहिते. पाद्र्याला सांगू नका तो आमच्यातला नाही. संताचं नाव मी दिलंय, तेवढं पुरे."

दर रविवारी. माझ्या एका थापेपासून पुढे, दर रविवारी ही बाई चढ चढून गेली होती आणि माझ्या गेलेल्या नवऱ्याला आयुरारोग्य मागून आली होती. मी टेबलाची कड धरली.

रेवानं मान वर केली. एवदोकियाला कळू नये म्हणून असेल, पण ती मराठीत बोलली. स्वच्छ, हळू, एकेक शब्द जोडत.

"आजी, कुठल्या बाजूला लिहू?"

एवदोकियानं कागदावर बोट ठेवलं. "लेफ्ट, लेफ्ट."

"उजवीकडे लिही," मी म्हटलं.

रेवानं लिहिलं. वासिली. स्तेलिओच्या ओळीत, सगळ्यात खाली. एवदोकियाला अक्षरं दिसत नव्हती, पण हात कुठे गेला ते दिसलं. तिनं कागद जवळ ओढला, चष्मा पुसला, नाकाला लागेल इतका जवळ धरला. अंगणातली चिमणी टेबलावरचे पावाचे कण टिपून गेली.

"कधी?"

"तीन वर्षं झाली. मार्चमध्ये."

ती बोटांवर मोजत असावी. "शोव्हल?"

"शेजारी करत होता."

"वॉशरूम?"

तिनं चिठ्ठीची घडी घातली, पावाच्या फडक्यात सरकवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवार

सकाळी ती एकटीच चर्चला गेली. रेवा आणि मी अंगणात बसलो. मी तिची माफी मागितली. मोठ्या माणसांनी लहानांची माफी मागायची आमच्या वेळी रीत नव्हती, त्यामुळे मला ती नीट जमली नाही. रेवा म्हणाली, "इट्स ओके," मग म्हणाली, "तू माझी मागितलीस, आता तिची माग."

बेकरीतून मडकं आलं. तीन ताटल्या मांडल्या गेल्या, लिंबू चिरलं गेलं. छोले लोण्यासारखे झाले होते. एवदोकिया माझ्या समोर बसली आणि चमचा हातात न घेता बोलायला लागली.

"शोकाचे चाळीस दिवस तुला मिळाले," ती म्हणाली. "वर्ष मिळालं. लोक आले, रडले, तुझ्याजवळ बसले. मला काय मिळालं? तो माझा पण माणूस होता, कुंदा. त्यानं माझं फाटक केलं. मी त्याला नाव दिलं. मी तिथे असते तर भांडी घासली असती, कॉफी केली असती. तू मला काय दिलंस? वॉशरूम."

मी तिला खरं ते सांगितलं. की तिच्या घरात तो अजून जिवंत होता आणि मला ते एक घर राखायचं होतं. की हॅमिल्टनमध्ये आम्ही काही केलंच नव्हतं. वसंतनं लिहून ठेवलं होतं, माझं काहीही करू नका, आणि आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. दिवस नाहीत, वर्षश्राद्ध नाही. एका हॉलमध्ये दोन भाषणं, सामोसे आणि चहा. मी लोकांना सामोसे घ्या म्हणत फिरले होते. रडले नव्हते.

एवदोकियानं सगळं ऐकलं. "काही करू नका असं तो स्वतःसाठी म्हणाला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कुठे म्हणाला?" आणि मग, अजून रागातच, "खा. थंड होतंय." मी एक घास घेतला, आणि तीन वर्षं अडलेलं सगळं त्या छोल्यांवर सांडलं. ती उठली नाही, मला जवळही घेतलं नाही. फक्त लिंबाची फोड माझ्या ताटलीत पिळत राहिली, रस संपला तरी.

सोमवार

सोमवारी तिनं गहू उकडले. गेलेल्या माणसासाठी इथे गव्हाचा एक गोड पदार्थ करतात: उकडलेले गहू फडक्यावर सुकवायचे, त्यात मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे, दालचिनी, आणि वरून पिठीसाखरेचा थर. आपल्या गव्हाच्या खिरीचीच कोरडी बहीण म्हणा. बदाम मी सोलले. साखर रेवानं चाळली आणि वर बदामांनी अक्षर काढलं. ग्रीक नावाचं काढ म्हटलं तर तिनं डब्याचं झाकण आणलं आणि त्यावर बघून 'व' काढला. जरा तिरका आला. दालचिनी संपली होती म्हणून एवदोकियानं कपाटातून एक पुडी काढली आणि माझ्याकडे न बघता चिमूटभर त्यात टाकली. सहा वर्षांचा जुना गोडा मसाला. वास राहिला नव्हता, पण रंग होता.

चर्चमध्ये पाद्र्यानं विचारलं, "कोण वासिली?" एवदोकिया म्हणाली, "कॅनडाचा." पाद्री मान हलवून पुढे वाचू लागला. नंतर ते गहू लहान लहान पुड्यांतून आम्ही गावात वाटले. बेकरीवाल्यानं पुडी घेतली, इथल्या रीतीप्रमाणे देव त्याला क्षमा करो असं म्हणाला, आणि सांगितलं की याच वासिलीनं भट्टीच्या दाराची कडी कशी बसवायची ते दाखवलं होतं. बसचालकानं गाडी थांबवून पुडी घेतली. तो म्हणाला, "मला त्या दिवशीच वाटलं होतं." बेचाळीस देवळं मोजणारा माणूस गावाला चांगला आठवत होता. खाणावळवाल्यानं तर तुटलेल्या चपलेची गोष्ट रेवाला सांगितली, माझ्यापेक्षा जास्त रंगवून.

मला वाटलं होतं, सांगितलं की वसंत इथूनही जाईल. तसं काही झालं नाही. उलट आता त्याच्याविषयी बोलता येत होतं.

निघायच्या सकाळी एवदोकियानं डबा भरून दिला, अंजिरांचा मुरंबा घालून. "वासिलीसाठी केला होता," ती म्हणाली. "आता तुम्ही खा." डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे आपल्याकडे आहे तसं त्यांच्याकडेही आहे. पण तिचा राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. फाटकात तिनं रेवाला दोनदा कवटाळलं आणि मला एकदाच.

हॅमिल्टन

मुरंबा नोव्हेंबरपर्यंत पुरला. मी एवदोकियाला दोन पत्रं लिहिली, रेवानं एक, गाढवाच्या चित्रासहित. उत्तर आलं नाही. डोळा चालत नाही, मी स्वतःला समजावलं, आणि पुन्हा पुन्हा समजावत राहिले.

या एक जानेवारीला रात्रीतून अर्धा फूट बर्फ पडला. फोन येणार नाही हे मला माहीत होतं. ज्याचा दिवस होता तोच नाही, फोन कुणाला करायचा? दहा वाजायच्या आत मी बूट चढवले, फावडं घेतलं आणि बाहेर पडले. घरात बसून घड्याळाकडे बघवलं नसतं. शेजाऱ्यानं लांबून हात केला, मी काढतो म्हणाला. मी मान हलवली. निम्मा ड्राइव्हवे झाला असेल तेव्हा रेवा दारात आली. सुट्टी म्हणून ती माझ्याकडे राहायला आली होती. हातात फोन, पायात नुसते मोजे.

"आजी, ती तुला विचारतेय. काय सांगू?"

"जे आहे ते सांग."

रेवानं फोन कानाला लावला. "शी'ज आउटसाइड," ती म्हणाली. "शोव्हल करतेय. नो, रिअली. प्रॉमिस." मग थोडा वेळ ऐकत राहिली आणि फोन लांब धरून मला म्हणाली, "ती खूप रागावलीय."

मी हातमोजा काढून फोन घेतला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यासारखा.

"किती वर्षांची तू?" एवदोकियानं विचारलं.

"त्र्याहत्तर."

"फावडं खाली ठेव."

मी ठेवलं. तिला ते दिसत नव्हतं, तरी ठेवलं.

"रविवारी तुझं नाव लिहिते," ती म्हणाली. "डावीकडे."